शिशीतलं शिसं

आमच्या घरात पास-नापास हे शब्द माझ्या शाळेमुळे आले नव्हते, बाबाच्या कारखान्यामुळे आले होते. मी शाळेत दरसाल पास व्हायचे, त्याचं कोणाला फारसं कौतुक नव्हतं. पोट्टी पुस्तकात नाक खुपसून बसते, पास नाही होणार तर काय होणार. पण बाबा पास झाला की माय गुळाची खीर करायची, शेजारी वाटीवाटी जायची, आणि बाबा ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू चोळत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "झालो बा यंदाबी." ही परीक्षा लघवीची होती. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी होती ते मोटारीतून यायचे आणि मोटारीतून जायचे.

भंडाऱ्याच्या बाहेर एक शिशाचा कारखाना होता. ट्रक-मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या तिथे यायच्या, कुऱ्हाडीनं फोडायच्या, आतल्या पट्ट्या भट्टीत वितळवायच्या आणि शिशाच्या विटा पाडायच्या, एवढंच काम. बाबा भट्टीवर होता. पवनीकडच्या कोंढ्याहून तो आणि माय लग्न झाल्या झाल्या इकडे आले, आणि मी कारखान्याच्या मागच्या वस्तीतच जन्मले. घरात आम्ही तिघंच. माय दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तेंदूपत्ता कापणाऱ्या तिच्या कात्रीचा कचकच आवाज आणि कारखान्याच्या पंख्याची घरघर, या दोन आवाजांत मी लहानाची मोठी झाले. पंखा बंद पडला की वस्तीतली तान्ही पोरं दचकून उठायची. जेवायला भात आणि लाखोरीची डाळ, हाट भरला त्या दिवशी सुकलेल्या झिंग्यांची चटणी, आणि पहिला घास बाबाच्या हातचा. तो घास मला द्यायचाच, मी दहावीला गेले तरी द्यायचा. समोर मी त्याला "तुमी" म्हणायचे, पण आठवणीत माणूस एकेरीच येतो, म्हणून इथे एकेरीच लिहिते.

संध्याकाळी तो यायचा तेव्हा पापण्यांसकट राखाडी झालेला असायचा. त्याचे कपडे झटकायचं काम माझं. मायच्या सुपातल्या तंबाखूत धूळ पडली की बिडीवाला बिड्या छाटून बाजूला टाकायचा, म्हणून कपडे तिच्यापासून लांब, परसात, मी झटकायचे. सदरा दोन्ही हातांनी धरून चिचेच्या बुंध्यावर आपटायचा, की त्यातून धुळीचा लोट निघायचा. तोंडाला काही बांधावं असं कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. त्या धुळीला एक गोडसर चव होती. जिभेवर बसायची, आणि मला ती आवडायची. आज माझे हात चहाची कपबशी धरताना थरथरतात तेव्हा नातू म्हणतो, आजी, थंडी वाजते का? वाजते म्हणते. त्याला काय सांगायचं.

तर परीक्षा. वर्षातून एकदा नागपूरहून सरकारी साहेब यायचा, त्याच्यासोबत कारखान्याचा डॉक्टर. हा डॉक्टर काळा चष्मा घालायचा आणि तो घातलेलाच असताना माणसांचा ओठ वर करून हिरड्या बघायचा, बैल घेताना बघतात तशा. हिरडीवर निळी रेघ दिसली तर शिसं असतं म्हणे. पण आमच्या माणसांच्या हिरड्यांवर तंबाखूचा एवढा थर होता की त्यातून निळं दिसायला देवाचा डोळा पाहिजे. "तंबाखू सोडा रे," एवढं बोलून तो पुढच्याकडे सरकायचा. मग हात पुढे करायला सांगायचा. आणि शेवटी एकेक शिशी. तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. शिशी घरी न्यायची, सकाळचं पहिलं पाणी तिच्यात आणून द्यायचं. ते पाणी मोठ्या शहरात जायचं, तिथे त्यातलं शिसं मोजायचे, आणि काही आठवड्यांनी निकाल यायचा.

नापास म्हणजे काय ते आम्ही परसरामच्या रूपानं बघितलं होतं. परसराम बॅटऱ्या फोडायचा. त्यानं हात पुढे केले तर दोन्ही पंजे मनगटापासून खाली लोंबले, मान मोडलेल्या कोंबडीसारखे. तो उचलायला बघत होता, घाम फुटला, पण उचलेनात. मॅनेजर शेजारी उभा होता. तो हसून म्हणाला, "अरे, हा तर नाच शिकून आला." आणि बाकीचे हसले. बाबापण हसला, त्यानंच घरी येऊन सांगितलं. कायदा म्हणतो की अशा माणसाला शिशापासून लांब ठेवा. शेठनं ठेवला लांब, फाटकाच्या बाहेर. परसराम पुढे वस्तीत दारोदार बसून असायचा, पोरं त्याला हात वर करून दाखव म्हणायची, आणि तो बिचारा दाखवायला जायचा. त्याची बायको त्याला भरवायची आणि भरवताना शिव्या द्यायची. मोजणी कामगाराला वाचवायला आहे असं कोणी म्हटलं की मला अजून परसराम दिसतो. मोजणी ही चाळणी होती, खराब झालेला माणूस वेगळा काढायची.

म्हणून सगळे पास व्हायच्या मागे. आणि पास होण्याची एक रीत होती, तिला वस्तीत "शिशाचा उपास" म्हणायचे. साहेब येणार हे मॅनेजरला आधी कळायचंच. तेवढे दिवस तो भट्टीवरच्या जुन्या माणसांना बाहेर काढायचा, गवत काप, भिंत रंगव, ट्रकची मोजदाद कर. बाहेरच्या हवेत पाणी निवळतं, हे त्यालाही ठाऊक आणि यांनाही. घरी बाया चिचेचं सार आणि गूळ चारायच्या, एरंडेल पाजायच्या. दामाजीकाका म्हणजे बाबाचा भट्टीवरचा जोडीदार, तो या उपासाचा पुजारीच. कोणी तंबाखूही सोडायचा, कोणी नवस बोलायचा. मग पाणी द्यायचं, पास व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर. मॅनेजर खूश, साहेब खूश, आणि आम्ही खीर खात होतो.

त्या वर्षी नवा साहेब आला आणि कोणाला न सांगता आला. दुपारी गाडी फाटकात, संध्याकाळी शिश्या वाटल्या. बाबा घरी आला तोच तोंड उतरवून. दामाजीकाका मागोमाग. माय चुलीपाशी, मी अभ्यासाला बसलेली. शिशी मधोमध ठेवली होती आणि चौघं तिच्याकडे बघत होतो.

"उपास नाई, काई नाई," बाबा म्हणाला. "कालपावतर भट्टीत डोकं घालून होतो. माहं पानी गेलं तं मी गेलो."

"तुहं कायले देतं?" दामाजीकाका म्हणाला. "शिशीवर नाव तुहं हाय, पानी कोनाचं हाय हे थोडी लिवलं हाय. मी पोट्ट्याचं देऊन राहिलो."

बाबानं मायकडे बघितलं. माय म्हणाली, "माह्यं नोका देऊ. मी तमाकूत बसते दिवसभर. त्यात काय निघन अन काय नाई." मग तिघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. अगदी बाजारात भाजी निवडावी तसं. मी कारखान्याचं फाटक कधी ओलांडलं नव्हतं. मला तंबाखू ठाऊक नव्हता. घरात सगळ्यांत चोख माणूस मीच होते.

"शालू," बाबा म्हणाला, "उद्या सकारी उठली का हे शिशी भरून देजो."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. दामाजीकाका समोर बसलेला. मी म्हटलं, "बाबा, मी पोरगी आहो, त्यायले समजन ना." त्यावर दामाजीकाका खो खो हसला. "पान्यावर का बांगड्या रायतेत का वो?" मायनंही तोंडाला पदर लावला. घरावरचा दगड निघाल्यासारखं झालं. बाबा इतका मोकळा झाला की त्यानं त्या जेवणात मला एकाऐवजी दोन घास भरवले आणि म्हणाला, "माही पोट्टी मले पास करन." सकाळी मी शिशी भरली. मायनं ती पुसून, बूच घट्ट लावून, जुन्या फडक्यात गुंडाळून दिली. बाबा ती डब्यासारखी काखेत मारून गेला.

निकाल आला तेव्हा माझ्या दहावीचा निकालही यायचा होता, म्हणून घरात दोन्हीची वाट बघणं चालू होतं. बाबाचा आधी आला. बाबा नापास. दामाजीकाका पास, बाकीचे पास, एकटा बाबा नापास, आणि नुसता नापास नाही, डॉक्टर म्हणाला इतकं शिसं आम्ही बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. मॅनेजरनं त्याच पावली फाटकाबाहेर काढला. बाबा घरी आला. मी परसात होते. त्यानं मला वेणीला धरून आत ओढलं आणि मारलं. एरवी तो मारणारा माणूस नव्हता, म्हणून मला आधी कळेचना की हे काय चाललंय. "काय खाल्लं होतं तुनं? सांग, काय खाल्लं होतं? माह्या अन्नात माती घातली." तो मारत होता आणि हेच विचारत होता. मी म्हणत होते, तुमच्याच हातचा घास खाल्ला होता बाबा. ते ऐकून त्यानं आणखी मारलं.

मायनं सूप बाजूला ठेवलं. ती मला सोडवायला आली असं मला वाटलं. पण ती मध्ये येऊन उभीच राहिली, आणि तिचा चेहरा बघून बाबाचा हात थांबला.

"ते पानी कोनाचं होतं?" तिनं विचारलं.

"हिचं."

"मंग नापास कोन झालं?"

बाबानं माझी वेणी सोडली. माय म्हणाली, "अवो, तुमी हिले कायले मारून राहिले? ते शिसं हिच्यात हाय. ह्या पोरीत हाय." मग तिनं मला जवळ ओढलं, माझा ओठ वर केला, डॉक्टर करतो तसाच, आणि उजेडाला धरून माझी हिरडी बघितली. माझ्या हिरडीवर तंबाखू नव्हता. रेघ होती. बारीक, निळसर, दातांच्या मुळाशी काजळाच्या काडीनं ओढल्यासारखी. तिनं ती बाबाला बघायला लावली. तो बघेना, तर तिनं त्याची मान धरून बघायला लावली. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मला त्याची कीव आली नाही. माझा गाल दुखत होता आणि मला राग आला होता. तो राग मी सोडलेला नाही, फक्त त्याच्यावरून काढून दुसऱ्यांवर ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात गेली. दामाजीकाका वाटेत आडवा आला, म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण नोको करू, वो वहिनी. आम्हीबी अडकू." माय थांबली नाही. बाबा मागून खाली मान घालून. डॉक्टर खुर्चीत बसून पाय हलवत होता. मायनं न घाबरता सगळं सांगितलं. शिशी यांची होती, पाणी या पोरीचं होतं, ही कारखान्यात कधी गेली नाही, मग हिच्यात शिसं कुठून आलं, आणि आता हिला काय औषध द्यायचं ते सांगा. डॉक्टरनं चष्मा काढला आणि आधी खूप हसला. कंपाउंडरला बोलावून पुन्हा सांगायला लावलं, आणि दोघं मिळून हसले.

"फसवणूक केली ती केली, वर सांगायला आलात," तो म्हणाला. मग बाबाकडे वळला. "ये इकडे. आता माझ्यासमोर दे. भट्टीवर सरावाचा माणूस नाही म्हणून मॅनेजर माझं डोकं खातोय. तुझं चांगलं निघालं तर परत घेतील."

"अन पोरीचं?" माय म्हणाली.

"पोरगी आमच्या कारखान्यात आहे का?"

"नाई."

"मग आम्ही तिचं कसं मोजणार? कारखान्याच्या माणसाचं कारखाना मोजतो. वाढतं वय आहे, जाईल निघून. दूध पाजा."

दूध. कुठलं दूध, कोणाचं दूध. मी त्या टेबलासमोर उभी होते, ओठ वर करून दाखवायला तयार, आणि त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आडोशाला कंपाउंडर उभा राहिला आणि त्याच्यासमोर बाबानं शिशी भरली. आम्हाला बाहेर ते ऐकू येत होतं. माय भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आणि बाबा पास झाला. चांगला पास झाला. इतक्या वर्षांचा भट्टीवाला आणि पाण्यात शिसं म्हणावं तर नावाला. मॅनेजरनं त्याला पाठीवर थाप मारून आत घेतला. दामाजीकाकानं वस्तीत सांगितलं, लोखंडाचा माणूस हाय, शिसं याले शिवत नाई. बाबाला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं. त्या दिवसांत तो सारखा लघवीला जायचा, पाणीही घागर घागर प्यायचा, आणि पाण्यासारखी पांढरी लघवी होते म्हणून आम्हाला अभिमानानं सांगायचा. "धुऊन निघालं पाह्य सारं. मी माहंच देलं असतं तं हे रामायणच झालं नसतं." मायनं खीर केली. मी खाल्ली नाही. त्याच आठवड्यात मी दहावी पास झाले, त्याची वेगळी खीर झाली नाही. कपडे झटकायचं काम मात्र मायनं माझ्याकडून काढून घेतलं. तिनं बिड्या कमी केल्या आणि स्वतः झटकायला लागली.

पुढचा हिवाळा बाबानं बघितला, त्याच्या पुढचा नाही. आधी सकाळी तोंड सुजायचं, मग पाय, मग अन्न समोर आलं की ओकारी. अंगाला इतकी खाज की चिचेच्या बुंध्याला पाठ घासायचा. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा तिथे एक तरुण डॉक्टर होता, शिकाऊच असावा, डोळे झोपेनं लाल. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो पहिला डॉक्टर. मी म्हटलं, यांचं पाणी तर पास होतं. तो म्हणाला, "अगं, लघवीत मोजतात ते बाहेर पडलेलं शिसं. मूत्रपिंडं निकामी झाली की ते बाहेर पडतच नाही. वर्षानुवर्षांचं असतं ते हाडात जाऊन बसतं. ते मोजायचं तर हाड मोजायला पाहिजे, आणि जिवंत माणसाचं हाड मोजायचं यंत्र इथे नाही." म्हणजे बाबा पास झाला तो मोडला होता म्हणून पास झाला. माझं पाणी नापास झालं कारण माझी मूत्रपिंडं अजून काम करत होती. मी म्हटलं, हे लिहून द्या. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, मोठ्या साहेबांना विचारतो. बाबाच्या शेवटच्या कागदावर मूत्रपिंडं निकामी झाल्यानं मृत्यू, एवढंच आलं. शिशाचा शब्दही नव्हता.

कारखान्याची एक रीत होती, बाप गेला की पोराला घ्यायचे. पोरगा नव्हता. नुसत्या बिडीवर घर चालेना. मी दहावी झालेली, वजनकाट्यावर लिहायला एक माणूस हवा होता, तेव्हा मायनं मॅनेजरचे पाय धरले. मॅनेजर म्हणाला, घेऊ, पण आधी तपासणी. मग मला शिशी मिळाली. या वेळी चिकटपट्टीवर माझं नाव होतं. घरी नेऊ दिली नाही. एवढं ते आमच्यामुळे शिकले होते.

निकाल सांगायला तोच काळ्या चष्म्याचा डॉक्टर. माय आणि मी पुन्हा त्याच टेबलासमोर. "घेता येणार नाही," तो म्हणाला. "हिच्या अंगात शिसं आहे. आधीच शिसं असलेलं माणूस शिशाच्या कारखान्यात ठेवता येत नाही. कायदाच आहे."

मला हसू आलं असावं, कारण तो चिडला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे तुमच्याच कारखान्याचं शिसं आहे. बाबाच्या कपड्यांवरून आलं."

"तुझ्या बाबाच्या अंगात शिसं नव्हतं," तो म्हणाला. त्यानं बाबाचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. "माझ्यासमोर घेतलं होतं, विसरलात? भट्टीवर उभ्या राहणाऱ्या माणसात नाही, आणि घरी बसणाऱ्या पोरीत आहे. म्हणजे शिसं कारखान्यात नाही, तुमच्या घरात आहे." मग तो मायकडे वळला आणि एकदम गोड आवाजात बोलला, शहाण्या माणसानं अडाण्याशी बोलावं तसा. "बाई, स्वयंपाक कशात करता?"

"पितळेच्या भांड्यात," माय म्हणाली. आमचा भंडारा पितळेच्या भांड्यांचाच, घरात दुसरं काय असणार. तिच्या लग्नात तिच्या बापानं दिलेली होती.

"कल्हई?"

"दारावर येते त्याच्याकडून."

"झालं तर. हे कल्हईवाले कथलात शिसं मिसळतात, स्वस्त पडतं म्हणून. तुम्ही रोज तेच रांधून घालताय." आणि त्यानं कागद मिटला.

मी बोलायला तोंड उघडलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलेलं हाडाचं, मूत्रपिंडाचं, सगळं जिभेवर आलं होतं. पण मायनं माझ्या दंडाला धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती डॉक्टरला विचारत होती, हळू, बाईनं बाईला विचारावं तसं. "साहेब, पोटातल्यालेबी लागते का ते?"

माझ्या पाठीवर मायची दोन बाळं पोटातच गेली होती, एक पाचव्या महिन्यात, एक पुरं दिवस भरून. मला हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं. तिथे, त्या टेबलासमोर, तिच्याच तोंडून कळलं.

"लागतं की," डॉक्टर म्हणाला. तो घड्याळात बघत होता. "पोटातल्याला आधी लागतं."

मी घरी येईपर्यंत तिला समजावत होते, घरी आल्यावर समजावत होते, पुढची सगळी वर्षं समजावत राहिले. मी शिकले, शिक्षिका झाले, सिहोऱ्याला नोकरी लागली, पुस्तकं आणून तिला वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं. भांडी तिनं त्याच दिवशी ओट्यावर काढून ठेवली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. त्यानंतर घरात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली, पण त्यातही ती रांधायची ते फक्त स्वतःपुरतं. माझं मी रांधायचे, तेही ती मला वाढायची नाही. ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, तू घे तुझ्या हातानं. माझं बाळंतपण झालं तेव्हा ती सिहोऱ्याला आली, दोन महिने राहिली, लेकराची लंगोटं धुतली, मला तेल लावलं, पण चुलीला हात लावला नाही. बाळंतिणीचं सगळं शेजारच्या बाईनं केलं. लोक म्हणायचे, कशी आई आहे. ती ऐकून घ्यायची.

एकदा मी चिडले. लेकरू मांडीवर, माझं अंग दुखत होतं, आणि समोर माय परक्या पाहुण्यासारखी दाराशी बसलेली. मी म्हटलं, "माय, बाबाले कारखान्यानं मारलं. त्या दोघायलेबी कारखान्यानंच मारलं. तुह्या भांड्यानं नाही. किती वेळा सांगू तुले?"

तिनं लेकराच्या टाळूवरून हात फिरवला. मग तो हात पदराला पुसला.

"सांगतेस तं खरंच असन, शालू," ती म्हणाली. "पन कागदात तसं नाई ना."